छातीचा फोटो

"अकरा आठवडे!" ती ओरडली. "अकरा आठवडे हे पत्र तुम्ही बुटांच्या खोक्यात दडवून ठेवलंत?"

नवरा गॅलरीच्या दारात उभा राहून सिगारेट ओढत होता. त्याने राख कुंडीत झटकली. कुंडीतलं रोप कधीच मेलं होतं.

"दडवलं कुठे? ठेवलं होतं."

पत्र नवऱ्याच्या खात्याच्या दवाखान्याचं होतं. छातीच्या फोटोत उजव्या बाजूला गाठ दिसते, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. 'ताबडतोब'खाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या.

"अगं, मला काही झालेलं नाही. यंत्राची चूक असेल."

"दिवसाला चाळीस ओढणारा माणूस म्हणतो, यंत्र चुकलं! लाज वाटते का काही? पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय."

तो हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

नवरा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. पंपांच्या आवाजाने कान किटतात, म्हणून तिथली चालकांची खोली चारी बाजूंनी काचा लावून बंद केलेली. त्याच खोलीत, त्याच पाळीत तिचा मोठा भाऊ. दादानेच सोळा वर्षांपूर्वी शब्द टाकून नवऱ्याला तिथे चिकटवला होता.

खातं दरवर्षी सिगारेट ओढणाऱ्यांची यादी काढायचं आणि त्यांच्या छातीचे फोटो घ्यायचं. फोटोत डाग दिसला की माणूस पंपघरातून बाहेर, रस्ते खोदणाऱ्या टोळीत. नवऱ्याचा फोटो मात्र दरवर्षी स्वच्छ. "लोखंडाची आहे," असं तो छाती ठोकून सांगायचा, आणि ती मूर्खासारखी ते खरं मानून गप्प बसायची. आता तिला स्वतःचाही तेवढाच राग आला.

"जरा दादाकडे बघून तरी शिकायचं होतं," ती म्हणाली. "सोळा वर्षं तुमच्या शेजारी बसतो, पण या व्यसनाचं वारंसुद्धा लागू दिलं नाही अंगाला. त्याचं नाव आहे का कुठल्या यादीत?"

नवरा हसायचा थांबला. "त्यांना कशाला मध्ये आणतेस?"

"आणणारच. फोन केलाय. येतोय तो."

दादा आला तो जिन्यात दोनदा थांबून. लिफ्ट आठवडाभर बंद होती. तिने इमारतीच्या मालकाच्या नावानेही बोटं मोडून घेतली आणि पत्र दादाच्या हातात दिलं.

दादाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग वरची तारीख बघितली आणि खुर्ची ओढून बसला.

"दाजी, हे कधी आलं?"

उत्तर तिनेच दिलं.

"अकरा आठवडे झाले, दादा! आणि हा माणूस निवांत धूर सोडत बसलाय. माणूस आहे की दगड?"

"मला खरंच वाटलं, यंत्र चुकलं," नवरा म्हणाला. त्याच्या बोटांतली सिगारेट नुसतीच जळत होती. "शपथेवर सांगतो, दादा. विश्वासच बसला नाही माझा."

दादाने पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. आयुष्यात त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण खिशातलं पत्र त्याने पुन्हा एकदा चाचपलं. बहिणीच्या संसाराची काळजी, दुसरं काय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"उद्या सकाळी हॉस्पिटलात जायचं," तो म्हणाला. "मी येतो."

"तू कशाला रजा वाया घालवतोस?"

"येतो म्हटलं ना."

हॉस्पिटलात नवऱ्याला नव्या फोटोसाठी आत नेलं, तेव्हा ती दादाजवळ बाकावर बसली. मनात साचलेलं सगळं तिने बाहेर काढलं. पडद्यांना येणारा वास, पोरीचा खोकला, दर नव्या वर्षाला घेतलेली सोडायची शपथ आणि दुपारपर्यंत मोडलेली. "स्वतः मरतात ते मरतात, घरालाही जाळतात हे लोक," ती म्हणाली. "मेला तर डोळ्यांतून टिपूस काढणार नाही मी." आणि ढसाढसा रडली. दादा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही आत बोलावलं. दिव्याच्या फळीवर दोन फोटो शेजारीशेजारी लावले होते, ते पत्र ज्यावरून आलं तो आणि आजचा.

"गाठ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसांची पार वाट लावलीय यांनी. सिगारेट आजच्या आज बंद. पण गाठ नाही."

मग तिने नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मागोमाग दुसरा. ती हसत होती आणि रडतही होती. "वाचलात! आता घरात काडी जरी पेटवलीत ना, तर दार उघडणार नाही!" नवरा खाली मान घालून मार खात राहिला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे दोन फोटो एका माणसाचे नाहीत. जुन्या फोटोतली गाठ खरी आहे. तेव्हा ती लहान होती. आता केवढी झाली असेल, सांगता येत नाही. कुणाचा फोटो आहे हा?"

"कारकुनाने नावांची अदलाबदल केली असेल," ती डोळे पुसत म्हणाली. "असेल कुणा बिचाऱ्याचा. शोधा हो त्याला लवकर."

नवऱ्याने मान वर केली नाही. दादा पुढे झाला आणि शर्टाचं वरचं बटण काढू लागला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "यांची जागा जाऊ नये म्हणून दरवर्षी यांचं कार्ड घेऊन मीच जात होतो."