अळिवाची खीर

"दूध कमी पडतंय तुला, खा मुकाट्यानं," म्हणत सासूबाई रोज अळिवाच्या खिरीची वाटी मृण्मयीपुढे ठेवायच्या. पोर मात्र पाजायला घेतली की हिरड्यांनी चावायची, सुटायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची.

आज डॉक्टरांनी पोरीची जीभ उचलून पाहिली. "आजी, दूध भरपूर आहे. हिची जीभच खाली चिकटलीय, ओढणार कशी?" त्यांनी जिभेखालचा पातळ पडदा अलगद कापला आणि बाळ लगेच आईकडे दिलं.

पोरीनं दोन हुंदके दिले आणि मग ती गटागट पिऊ लागली. मृण्मयीला यावेळी दुखलं नाही.

सासूबाईंनी पिशवीतला खिरीचा डबा उघडला, सुनेकडे पाहिलं आणि पहिला चमचा स्वतःच्याच तोंडात घातला.

"गूळ फारच घालत होते की गं मी," त्या म्हणाल्या. "सांगायचंस तरी."