सोड म्हणेपर्यंत

ताईचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि ती डाव्या हाताने शेंगा मोडत बसली होती. सुरी हाताशी नव्हती. या घरात सुऱ्या दाजींच्या पेटीत असायच्या आणि पेटीची किल्ली दाजींच्या कमरेला. भाजी चिरायची तरी नवऱ्यापुढे हात पसरायचा.

"काय झालं हाताला?" तिच्या भावाने, पक्कडने विचारलं.

"मोरीत घसरले."

गेल्या महिन्यात ती जिन्यावरून पडली होती. त्याआधी कपाटाचं दार लागलं होतं. शिकाऱ्याच्या पोटी एवढी धांदरट पोरगी जन्मलीच कशी, असं म्हणून पक्कड पूर्वी तिला चिडवायचा. आज त्याला पट्टीच्या वर बोटांचे वळ दिसले. मोरीला बोटं कधीपासून फुटली? दाजी पलीकडे वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या मानेवर नखांचे ताजे ओरखडे होते. म्हणजे ताईनेही हात चालवला तर. बरं केलं, त्याला वाटलं.

खिडकीपाशी बाबा बसले होते. त्यांना आता कोणी ओळखू येत नसे. तरी पक्कडने हात पुढे केल्यावर त्यांनी तो घट्ट धरला आणि समाधानाने मान डोलावली. पकड अजून तशीच होती. पोराला 'पक्कड' हे नाव पडलं ते बापाच्याच पुण्याईवर. आयुष्यभर बाबांनी शिकारीत रानडुकराचे मागचे पाय धरले, पण पोरांवर कधी आवाज चढवला नाही. आणि त्यांच्या लेकीच्या वाट्याला असला नवरा यावा!

पक्कडचं तोंड आजवर बंद राहिलं ते उपकारापायी. त्याच्या बायकोने सासऱ्याला सांभाळायला साफ नकार दिला, तेव्हा दाजी एक शब्द न बोलता बाबांना आपल्या घरी घेऊन आले होते. पण उपकार केले म्हणून काय बाईचा जीव घ्यायचा?

निघताना दाजींनी बाहेरून कुलूप घातलं आणि ती किल्लीही कमरेला अडकवली. बाबा बाहेर पडतात, वाट चुकतात, असं ते कोणी न विचारताच म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. शिकार झाली की सगळे ओढ्यावर टेकायचे, विडी ओढायचे, बढाया मारायचे. दाजी मात्र सुरी पुसून थेट घराकडे पळायचे. बायकोवर एवढा पहारा!

मक्याची नासाडी करणाऱ्या डुकरांना ही माणसं बंदुकीने मारत नसत. कुत्री अंगाला झोंबलेली असताना गोळी कुणाला लागेल, नेम नसतो. भालेवाले दोन बाजूंनी वाट अडवत. एकजण मागून जाऊन पाय धरी आणि जनावर कुशीवर पाडी. मग सुरीवाला गुडघे टेकून पुढच्या पायामागे सुरी खुपसे. त्या वेळी त्याचा सगळा जीव पाय धरणाऱ्याच्या मुठीत. म्हणून नियम एकच, आणि तो बाबांनी पक्कडला मार न देता शिकवला होता: डुक्कर मेलं असं तुला वाटून उपयोग नाही. सुरीवाला 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं, तरी नाही.

दाजींनी उमेदवारीच्या काळात बाबांबरोबर सुरी चालवली होती. नंतर पक्कडबरोबर. एकदा पक्कडचं बोट मोडलं, पण मूठ सुटली नव्हती.

त्या दिवशी कुत्र्यांनी डुक्कर ओढ्याच्या वळणावर गाठलं. थोराड नर होता, सुळे बाहेर आलेले. पक्कडने पाय धरले, पिळा देऊन त्याला आडवं केलं. दाजी गुडघ्यांवर बसले. एकदाही मागे वळून त्यांनी पकड तपासली नाही. मान खाली घातली, तसे ओरखडे दिसले.

पक्कडने मुठी उघडल्या.

भालेवाल्यांनी डुक्कर संपवलं, पण तोवर सुळ्याने दाजींची मांडी वरपर्यंत फाडली होती. पाय निसटला, पक्कड म्हणाला. कोणी शंका घेतली नाही. वय सगळ्यांचंच होतं, लोखंडसुद्धा झिजतं, असंच जो तो त्याला समजावू लागला. दाजींनी मात्र त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्यांना कळलं होतं. तरी ते शिवी हासडायचे सोडून कमरेची घराची किल्ली चाचपत राहिले आणि ती त्यांनी त्याच्या तळहातावर दाबली.

"लवकर जा," एवढंच म्हणाले.

मरतानाही याला कुलपाचीच काळजी! दाजींचा श्वास थांबला, तसा पक्कड किल्ली घेऊन निघाला.

वाटेत त्याने मनाशी वाक्यं जुळवली. सांगताना रडायचं, पण फार नाही. मग ताईला आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं. बायको काय म्हणायचं ते म्हणो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपण भावासारखं वागलो, असं त्याला वाटत होतं. त्याने कुलूप काढलं.

ताई जमिनीवर गुडघ्यांवर होती. तिच्या कपाळाला खोक पडली होती. सकाळी ती नव्हती. तिचा चांगला हात मागे पिळलेला होता, आणि तो दोन्ही मुठींत धरून बाबा तिच्यावर वाकले होते. डोळे चमकत होते, श्वास शिकारीतल्यासारखा चालला होता.

"हे कुठे आहेत?" ताईने विचारलं. "त्यांना आधी आत पाठव."

पक्कड धावला. बाबांच्या बोटांत बोटं घालून त्याने सगळा जोर लावला. एक बोट हललं नाही.

"बाबा, सोडा! मेलं डुक्कर, सोडा!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, नवख्याकडे बघावं तसं, मायेने. मग मूठ आणखी आवळली.

"सुरीवाला सांगेल तेव्हा," ते म्हणाले.