शिपायाला सांगायचं की नाही

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. ब्रह्मदेशातलं घनदाट जंगल आहे. लढाई सुरू आहे. एकोणीस वर्षांचा एक शिपाई झाडाला टेकून बुटाचा चिखल काडीने खरवडतो आहे. त्याच्यासमोर तुम्ही बसला आहात. तुम्ही आजच्या काळातून, कसे कोण जाणे, त्याच्या काळात जाऊन पोचला आहात. त्यामुळे तुम्हाला माहीत आहे की उद्या हा नसणार. तो मान वर करून विचारतो, "काय गं, अशी का बघतेस माझ्याकडे?"

आता काय बोलाल?

गौलीगुडा मोहल्ल्यात नामदेवरावांच्या बैठकीतली मुलं नेमकी इथेच अडली होती. दर शनिवारी संध्याकाळी नामदेवराव त्यांना कादंबरी वाचून दाखवत. मुलं इंग्रजी शाळांतली. मराठी बोलायची, पण वाचायला लागली की ठेचकाळायची. म्हणून सर वाचत, मध्येच बोट ठेवून पुस्तक मिटत आणि एक प्रश्न टाकत. आजचा प्रश्न होता, कादंबरीतल्या त्या मुलीने शिपायाला खरं सांगावं का?

"सांगून टाकायचं ना सर!" बबलू उसळला. "मी असतो तर म्हटलं असतं, भाई, निकल ले इथून. चल, बिर्याणी खिलातूं."

"हौ, आणि पळाला म्हणून त्याच्याच लोकांनी गोळी घातली तर?" वृषाली म्हणाली. "तू बस बिर्याणी खात."

सगळे हसले. नामदेवरावही हसले, आणि हसता हसता त्यांनी पोट हाताने दाबून धरलं. ते एकट्या तन्वीने पाहिलं. ती त्यांची नात.

"तन्वी, तू सांग."

"सांगू नये," ती म्हणाली. "त्याला आत्ता बरं वाटतंय ना? मग वाटू दे."

हे उत्तर तिचं नव्हतं. ते तिच्या बाबांचं, शिवराजचं होतं. गेल्या महिन्यात आजोबांच्या तपासण्या झाल्या. पोटात साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल, असं घरात सगळे त्यांना सांगत होते. पण आई-बाबा स्वयंपाकघरात कुजबुजत असताना तन्वी पाणी प्यायला म्हणून आत गेली होती. येता दसरा आजोबा बघतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. बाबांनी तिचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "आजोबांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

शपथ मोडली तर ज्याची घेतली त्याचं वाईट होतं, आणि ज्याने घातली त्यानेच ती सोडायची असते, हे तन्वीला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून ती आजोबांशी जपून जपून बोलायची. कधी काय तोंडातून जाईल आणि बाबांना काय होईल, याचा नेम नव्हता. बाबाही बदलले होते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा माणूस आता बेगम बाजारातून अंजीर आणू लागला. आल्या आल्या मोठ्याने हसायचा, मग हातपाय धुवायला मोरीत जायचा आणि बराच वेळ नळ सोडून ठेवायचा. बाहेर आला की डोळे लाल.

नामदेवरावांनी चष्मा सारखा केला आणि पुढचं पान वाचलं.

शिपाई मनात म्हणाला, 'तू आलीस तेव्हाच समजलं मला. एवढ्या लांबून कुणी उगीच येतं होय?' पण तोंडाने तो तिला गावाकडच्या ज्वारीबद्दल सांगत राहिला. कणीस केवढं येतं, पाखरं कशी राखायची. तीही हूं हूं करत राहिली. मग अंधारून आलं.

"म्हणजे दोघांनाही मालूम होतं?" बबलूचा आवाज चढला. "मग गप कायकू बसले सर? आता हा इकडे रडणार, ती तिकडे रडणार. एका जागी बसून तरी रडायचं!"

या वेळी कोणी हसलं नाही. नामदेवरावांनी पुस्तक मिटलं. "पुढच्या शनिवारी बघू," एवढंच म्हणाले.

मुलं जिना उतरून गेली. तन्वी सतरंजीची घडी घालायला वाकली.

"तनू, सोड ते. इकडे ये," नामदेवराव म्हणाले. "जन्मभर मुलांचे चेहरे वाचत आलो मी. घरातलेच वाचता येणार नाहीत का?"

जवळ आलेल्या तन्वीने पटकन तोंडावर हात ठेवला.

"तू काही बोलली नाहीस. मला आधीच कळलंय. पण बाबाला हे कळू देऊ नकोस. मला काही माहीत नाही, एवढ्या एका समजुतीवर तो उभा आहे बघ." त्यांनी तिचा लहानसा हात उचलून आपल्या पांढऱ्या केसांवर ठेवला. "माझी शपथ."

तेवढ्यात दार वाजलं. शिवराज आत आला. हातात कागदी पुडा.

"काय अण्णा! आज तर एकदम फर्स्ट क्लास दिसताय!"

"अरे, गोळ्या लागू पडल्या तुझ्या."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

दोघे खूप मोठ्याने हसले. हसताना शिवराज पुड्याचा दोरा सोडत होता आणि नामदेवराव मिटलेल्या पुस्तकाकडे बघत होते. मग हसणं संपलं. शिवराजने पुडा टेबलावर ठेवला आणि तो मोरीकडे वळला.

तन्वी धावत जाऊन त्याच्या आडवी झाली. तिने त्याचा हात धरला, त्याला ओढत आजोबांपाशी आणलं आणि दुसऱ्या हातात आजोबांचा हात घट्ट पकडला. दोघे तिच्याकडे बघू लागले.

"दोघंही म्हणा," ती म्हणाली, "शपथ सुटली."