बाहेरचे बोल्ट

गोष्ट २०१९ सालच्या उन्हाळ्यातली. बडनेऱ्यात कुसुमचं ग्रिल बनवायचं दुकान होतं. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून ती बोल्ट नेहमी खिडकीच्या आतून बसवायची. अंजनगावचं एक गिऱ्हाईक मात्र म्हणालं, “बोल्ट बाहेरून पायजे.”

“काहून जी? चोराचंच काम सोपं होईन!”

“चोराचं मी पाहून घेईन. आतलीले उघडता नाही आलं पायजे. पहिली याच खिडकीतून पळाली.”

ती पहिली म्हणजे कुसुमच. या सुधाकरने तिला दोन वर्षं त्या खोलीत कोंडलं होतं. आता तिच्या तोंडाला उन्हाचा स्कार्फ होता, म्हणून त्याने तिला ओळखलं नाही.

ग्रिल बसवायला ती स्वतः गेली. आत त्याची नवी बायको रागिणी मान खाली घालून बसली होती. “नवी नवरी हाय, रिकाम्या हातानं कशी जाऊ भाऊ?” म्हणत कुसुमने खण-नारळाने तिची ओटी भरली. सुधाकरने बाहेरचे चारही बोल्ट ओढून पाहिले आणि मिशीत हसला.

पुढच्याच आठवड्यात रागिणी अकोल्याला माहेरी पोचली. आज तिथे ती खानावळ चालवते. सुधाकर तणतणत दुकानावर आला, तेव्हा कुसुमने त्याच्यासमोर स्कार्फ सोडला आणि तो पायरीवरूनच परत फिरला. त्याला तिसरी मुलगी कोणी दिली नाही.



बाहेरचे बोल्ट नुसते दिखाव्याचे होते; खरे आतूनच होते, आणि त्यांचा पाना नारळाखाली ओटीत गेला होता.