कुंकू आणि काजळी

आमच्या घरात बंदूक बायकोची आणि दसऱ्याला बंदुकीची पूजा आईची.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सरावात मृणालची बंदूक अडली. हवेत उडवलेली मातीची पहिली तबकडी फुटली, पण पुढचं काडतूस वर येईचना. रविवारी नेमबाजीची राज्यस्पर्धा. मृणाल तणतणतच घरी आली.

“आई, कितीदा सांगितलं, हिला हळदकुंकू लावू नका! सेमी-ऑटोमॅटिक आहे ती, आत कचरा गेला की अडकते.”

आई चष्मा पुसत समोर येऊन बसली.

मृणालने जुना पेपर पसरून बंदूक खोलली. कुंकू सापडलं, नाही असं नाही. पण बाहेर, लाकडी दस्त्यावर, चिमूटभर. मग तिने आतला पिस्टन ओढला. तो कसाबसा निघाला, तेव्हा बारुदाच्या कार्बनने इतका माखलेला होता की खालचं लोखंड दिसत नव्हतं.

आईने तो उजेडात धरला.

“कुंकू माझं. ही काजळी कुणाच्या पूजेची गं?”

मी पंख्याकडे बघत राहिलो.

आई आतून कढई घासायचा काथ्या घेऊन आली आणि पदर खोचून खाली बसली.

“सरक. रविवारी हरलीस तर पुन्हा बोल मलाच लागायचा.”