शून्य व्होल्टचा झटका

सोयाबीनची ओल मोजायच्या मीटरचं सर्किट सकाळपासून कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये अडकत होतं. 'उत्तर जुळत नाही,' एवढंच स्क्रीनवर येई. मी कुठंच न जोडलेलं एक अधांतरी टोक रेझिस्टर लावून ग्राउंडला जोडलं आणि वीजपुरवठाही शून्य व्होल्ट केला.

आता व्होल्टेजचा ग्राफ सपाट यायला हवा होता, तरी तो उसळला. चिडून मी टेबलावर मूठ आपटली.

पुन्हा चालवलं. उसळी दुप्पट आली. मी लाथेनं खुर्ची मोडली.

"अश्वजित, आधी ग्राफ उसळायलाय, मग तू," उदगीरच्या दुकानातला माझा भागीदार आनंदराज म्हणाला.

"गप बस!"

त्यानं हसतच पुन्हा रन दाबलं. रेघ थेट स्क्रीनच्या वर गेली, खाली कोसळली आणि शेवटपर्यंत सपाट राहिली.

आनंदराजचं हसू गेलं. तो माझ्याकडं बघत मागं सरकला.

माझा हात वर होता. हातात हातोडी होती.