इन्स्पेक्टरची बायको

माझा नवरा टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेचा लेखक. त्यातल्या इन्स्पेक्टरच्या बायकोचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खुनाचा तपास अर्धवट टाकून इन्स्पेक्टर तिचं डोकं चेपायला घरी यायचा! आणि ते लिहिणारा माझा नवरा, मी तापाने फणफणले तरी आतल्या खोलीतून ओरडायचा, "गोळी घे गं."

मग चॅनेलचा निरोप आला, घरगुती प्रसंग कमी करा, तपास वाढवा.

"मारून टाक मग तिला," मी लगेच म्हणाले.

त्याने मारली. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

पण आता इन्स्पेक्टरला ती उठता-बसता आठवते. प्रेताशेजारी बाईची चप्पल दिसली, की आठवते. संशयिताने चहा विचारला, की याचे डोळे भरून येतात. तपास राहतो बाजूला, पण प्रेक्षक रडतात म्हणून चॅनेलही खूश.

काल न राहवून मी नवऱ्याला विचारलं, "माझी येते का रे कधी अशी आठवण?"

मान वर न करता तो म्हणाला, "तुझी कशी येईल? तू तर इथेच असतेस."